थांगपत्ता

'थांगपत्ता' आपण एका दमात उच्चारतो, तोही बहुधा 'लागत नाही' या नकारासाठी. पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत: किती खोल, आणि कुठे.

'थांग' म्हणजे पाण्याचा तळ. संस्कृतात 'अस्ताघ' म्हणजे फार खोल. त्यातल्या 'स्ताघ'चे प्राकृतात 'थाह' झाले, ते हिंदीने जपले. मराठीत 'थाग' आणि अनुस्वार चढून 'थांग' झाले असावे. तळाच्याच अर्थाने येणारा 'ठाव' मात्र 'स्थामन्'च्या कुळातला, 'ठाम'चा भाऊ. शके १२१२ मध्ये नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत जागोजागी भेटणारे 'ठायीं' त्याच घरचे दिसते. 'ठाव' मुळात जागा. तळ हा अर्थ त्याला थांगाच्या शेजारामुळे चिकटला असावा.

गुरुत्वीय लहरींच्या उगमाला किती खोल आणि कुठे हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. लहरीच्या घडणीवरून अंतर थेट काढता येते, हे भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवले. हा झाला थांग. विश्वाच्या प्रसरणाचा दर काढायचा तर उगमाची दीर्घिका किती वेगाने दूर जाते हेही हवे, आणि त्यासाठी पत्ता लागतो.

थांगही अंदाजानेच कळतो. लहरी उठवणाऱ्या, एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीची कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे नेमके उमगत नाही, त्यामुळे जवळची कललेली जोडी आणि दूरची समोरून दिसणारी जोडी सारख्याच भासू शकतात. 'अंदाज' फारसी 'अंदाख्तन्'मधून, म्हणजे फेकणे. गोलंदाज, तिरंदाज हे त्याचे सोबती. गोळा फेकणाऱ्याला अंतर आधी मनात मापावे लागते. फेकीकडून मापाकडे हे वळण फारसीतच घडलेले दिसते, कारण तिथे 'अंदाज़ा' म्हणजे माप.

आता 'पत्ता'. 'पत्र'पासून धरला तर द्वित्व सहज जुळते. 'प्रत्यय'पासून धरला तर अर्थ जुळतो, पण 'त्य'चा 'च्च' व्हायला हवा होता. तरी 'विश्वास ठेवतो' या अर्थाचे प्राकृत 'पत्तिअइ' त्या बाजूने साक्ष देते. मूळ काहीही असो, आकाशातला पत्ता प्रत्ययानेच ठरतो. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनासाठी लहरी टिपणाऱ्या तीन शोधक यंत्रांनी सुमारे २८ चौरस अंशांचा पट्टा दिला. दुर्बिणींनी त्यातून सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ४९९३ ही दीर्घिका हुडकली. प्रसरणाचा दर आला ७० किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक, पण त्याची अनिश्चितता एवढी की इतर पद्धतींनी निघालेले, एकमेकांशी न जुळणारे ६७ आणि ७३ हे वादातले दोन्ही आकडे त्यात बसतात.

प्रकाशाची साक्ष नसेल तर पट्ट्यातल्या साऱ्या दीर्घिका संभाव्य मानून गणित मांडावे लागते. त्या कमी करायला मदत होईल असा, चार किलोमीटर भुजांचा लायगो-इंडिया हा शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहायचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल २०२३ ची. अमेरिका-युरोपातल्या शोधकांपासून इतका दूरचा कोपरा मिळाला, की लहर पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून पट्टा पुष्कळ आक्रसतो आणि संभाव्य दीर्घिका कमी होतात. असे पुष्कळ उगम जमले, तर ६७ की ७३ याचा निकाल लागू शकेल.