विवाहसमारंभातील झटपट छायाचित्रण
विवाहविधी चालू असतानाच त्याची छायाचित्रे घेऊन ती मांडवातच तयार करून देण्याची पद्धती. अमेरिकन संशोधक एडविन लँड यांचा पोलरॉइड कॅमेरा १९४८ मध्ये विक्रीस आला. त्यात निगेटिव्ह व कागद यांमध्ये रसायन रुळांच्या दाबाने पसरून सु. एका मिनिटात चित्र तयार होई. १९७२ च्या एसएक्स–७० कॅमेऱ्यात थर सोलावा न लागता रंगीत चित्र बाहेर येऊन उजेडातच उमटू लागले.

अपुऱ्या प्रकाशात १८८७ पासून मॅग्नेशियमयुक्त भुकटी जाळीत. तिचा धूर व आगीचा धोका १९२९ नंतर प्रचारात आलेल्या फ्लॅश-बल्बमुळे टळला. परंतु बल्ब एकदाच वापरता येई. बॅटरीवर चालणाऱ्या झेनॉन नलिकेने ही अडचण दूर केली. तारकर्लीसारख्या किनारी गावात झावळ्यांच्या मांडवाखाली, भर दुपारीही, अंतरपाट दूर होण्याचा क्षण टिपण्यास असा फ्लॅश उपयुक्त ठरतो. तो समोरून जवळ धरल्यास मात्र मुंडावळ्यांच्या सावल्या चेहऱ्यावर पडतात.

स्टुडिओत जपलेल्या निगेटिव्हवरून अनेक वर्षांनीही प्रती काढता येतात; झटपट चित्राची सामान्यतः एकच प्रत असते. कोकणातील दमट हवेत छायाचित्रांच्या जिलेटिनयुक्त थरावर बुरशी चढते. २००८ मध्ये पोलरॉइड कंपनीने फिल्मचे उत्पादन थांबविल्याची घोषणा केली. फुजीफिल्मच्या १९९८ मधील इन्स्टॅक्स कॅमेऱ्यांमुळे ही पद्धती टिकून राहिली. चित्र हाती तत्काळ येते, तसेच ते नष्ट झाल्यास त्या विवाहाचा तो पुरावाही कायमचा जातो. त्यामुळे अशा चित्रांची प्रतिकृती वेळीच करून ठेवणे अगत्याचे असते.