निकालाने पालटलेला नाद

हिप-हॉप संगीताच्या अमेरिकन रसिकांत एक वाद जुना आहे. १९९१ पूर्वीच्या चारपाच वर्षांतले अल्बम अनेकपदरी व भरीव, त्यानंतरची रचना विरळ. आणि हे कलावंतांच्या धनलोभामुळे घडले, असे एक पक्ष म्हणतो. अभिरुची पालटली एवढेच, असे दुसऱ्या पक्षाचे उत्तर. या वादात न्यायालयाच्या दप्तराला द्यावयास हवे तेवढे महत्त्व दिले जात नाही, असे मला वाटते.

या संगीताचा जन्मच दुसऱ्याच्या तबकडीवर झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स विभागातील एका इमारतीत नाचाचा जलसा झाला. त्यात जमैकाहून आलेला क्लाइव्ह कँपबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने तबकड्या वाजविल्या. गायक थांबून केवळ ताल उरतो तो तुकडा नाचणाऱ्यांस प्रिय, हे त्याने हेरले. आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून वाजवून तो लांबविण्याची युक्ती काढली. १९८७ साली एसपी-१२०० हे यंत्र निघाले. त्यात जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावे. म्हणून रचनाकार तबकडी जलद फिरवून तुकडा आत घेत व मग त्याची गती उतरवीत. त्यातून निघणाऱ्या खरखरीत नादाचेच रसिकांना वेड लागले! यंत्राचे दारिद्र्य शैली म्हणून मान्य झाले. १९८८ मधील पब्लिक एनिमी व १९८९ मधील डे ला सोल यांच्या अल्बमांत असे तुकडे थरांवर थर रचलेले आढळतात.

आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर मूळ गाण्याची ‘चाल’ निर्दिष्ट असे, आणि त्यात कोणास उणेपणा वाटत नसे. अर्थात तेथे उसनी घेतली जाई ती चाल. येथे मुद्रित झालेला आवाजच.

१७ डिसेंबर १९९१ रोजी न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती डफी यांनी बिझ मार्की याच्या गाण्याविषयी निकाल दिला. गिल्बर्ट ओ’सलिव्हन याच्या गाण्याचा तुकडा त्यात परवानगीवाचून घेतला होता. निकालाचा आरंभ चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेने झाला, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडे धाडण्यात आले. निर्णय कायद्यास धरून असेल; परंतु एका नव्या कलापद्धतीचे मर्म समजून घेण्याचा यत्न त्यात दिसत नाही.

यापुढे प्रत्येक तुकड्यास परवानगी व मोबदला आला. वीस तुकड्यांचे गाणे न परवडणारे झाले. १९९२ च्या ‘द क्रॉनिक’मध्ये डॉ. ड्रे याने जुन्या चाली बव्हंशी वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्या. तशा वेळी गीतकाराची परवानगी पुरे, तबकडीच्या मालकाची लागत नाही. मोजक्या तुकड्यांवर उत्तम काम करणारे पुढेही निघाले, पण तो थरांचा डौल बहुतेक गेला.

डे ला सोलचे जुने करारही नव्या माध्यमास पुरेसे पडेनात. त्यांचे आरंभीचे अल्बम इंटरनेटवरील संगीतसेवांवर रीतसर आले ते ३ मार्च २०२३ रोजी. त्यांच्यापैकी डेव्हिड जोलिकर हा त्यापूर्वी तीनच आठवडे आधी निवर्तला होता.