छापणे आणि पोचविणे

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्या परंपरेतल्या एका व्यासपीठावर माझ्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्याने इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण थोडे. जे वाचले ते द्वारसभा आणि वाटाघाटी यांच्यामधल्या वेळात. पण एक प्रश्न माझ्या कामातूनच माझ्यापुढे आला. औद्योगिक वसाहतीत कविता आणि कथा लिहिणारे पुष्कळ कामगार मला भेटतात. त्यांतले काही पदरचे पैसे भरून पुस्तक छापून घेतात, आणि मग गठ्ठे खाटेखाली पडून राहतात. ज्याच्यामागे सरकारी बक्षीस नाही, विद्वानांचे शिफारसपत्र नाही, मोठा प्रकाशक नाही, अशा लेखकाला वाचक मिळतात कसे? याचे उत्तर मी जोतीराव फुले आणि त्यांच्या मंडळींच्या इतिहासात शोधले.

जोतीरावांनी प्रथम सरळ दरवाजाच ठोठावला होता. १८५५ साली त्यांनी एक नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. नव्या ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी ही कमिटी बक्षिसे देत असे. नाटक नापसंत झाले. तेच आपण आज ‘तृतीय रत्न’ म्हणून ओळखतो. ते छापून लोकांसमोर आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यापासून एकशे चोवीस वर्षांनी! एका कमिटीने दार लावले, तर केवढा काळ वाया जाऊ शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

जोतीरावांनी पुढे त्या दारापाशी तिष्ठत राहण्याचे सोडून दिले. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचून प्रसिद्ध केला. पवाडाच का? कारण ज्या कुणबी, माळी, महार, मांग समाजांसाठी त्यांना लिहायचे होते, त्यांत अक्षर वाचणारे मोजके आणि पवाडा ऐकणारे गावेच्या गावे होती. वाचक नाहीत म्हणून रडत न बसता श्रोत्यांना ओळखीचा असलेला प्रकार त्यांनी हाती घेतला. १८७३ च्या जूनमध्ये ‘गुलामगिरी’ निघाली. ती प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, म्हणजे दोघांनी बसून मोठ्याने वाचावी अशी. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुस्तक आणि संघटना एकाच वर्षी उभी राहिली, या योगायोगाकडे मी संघटक म्हणून पाहतो, तेव्हा मला त्यात मोठा अर्थ दिसतो. पुस्तकाला माणसे मिळाली आणि माणसांना पुस्तक मिळाले. जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत, त्यामुळे त्यांची रोजीरोटी कोणा बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

पुढची गरज वर्तमानपत्राची. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. पैशाची ओढाताण असह्य झाली, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेऊन चालविले. लोखंडे म्हणजे आम्हा कामगार चळवळवाल्यांचे मूळपुरुष. १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सिद्ध केले, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नाने. आमच्या कचेऱ्यांतून त्यांची तसबीर असते.

पण इतिहास तसबिरीपुढे थांबत नाही. १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्याचे पाच भाग. त्यांतले पहिले दोन ‘दीनबंधु’त आले आणि छापणे थांबले. जोतीरावांना ते फार लागले. त्यांनी आपली नाराजी लिहूनही ठेवली. लोखंड्यांची बाजू मला समजते. पत्र चालविणाऱ्याला कागद, कायदा, सरकारचा रोष आणि वर्गणीदार या सर्वांचा हिशेब ठेवावा लागतो. तरीही बोध स्पष्ट आहे. परक्याचे दार बंद असते, तसे कधीकधी आपल्या माणसाचेही दार अर्धेच उघडते. म्हणून स्वतंत्र लेखकाने एकाच दारावर विसंबून राहू नये.

मग जोतीरावांनी काय केले? ‘असूडा’चे हस्तलिखित घेऊन ते लोकांमध्ये गेले. मुंबई-पुण्यापासून जुन्नर-ओतूरपर्यंत त्यांनी ते स्वतः वाचून दाखविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. त्यांच्या हयातीत हे पुस्तक अखंड छापून निघाले नाही. परंतु ते लोकांना ठाऊक होते! न छापलेले पुस्तक गाजू शकते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले.

याच काळातली दुसरी हकीकत नेमकी उलटी आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणे चालले होते, त्याला हे रोखठोक उत्तर होते. टीकेचा भडिमार झाला. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक झाले नाही, आणि पहिलेही लोकांच्या स्मरणातून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षे गेली होती.

या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहा. ‘असूड’ छापला गेला नाही, पण पोचला. ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले गेले, पण पोचले नाही. दोष ताराबाईंच्या लेखणीचा खास नव्हे. जोतीराव गावोगाव हिंडू शकत होते, त्यांच्या मागे समाज होता. बुलढाण्यातल्या एका बाईला १८८२ साली सभा भरविणे, पुस्तक घेऊन पुणे-मुंबई करणे, शक्य होते काय? तिच्या वतीने हे काम करणारी माणसे हवी होती. ती पुरेशी निघाली नाहीत.

१८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती. तिचे आमंत्रण रानड्यांकडून जोतीरावांना गेले. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळविला. जे लोक बहुजनांचे माणुसकीचे हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. त्याला गर्व म्हणणारे म्हणोत. मला त्यात वेगळेच दिसते. ज्या लेखकाची मान्यता जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांनी आधीच ठरविली होती, त्याला दुसऱ्या मान्यतेची निकड नव्हती, म्हणूनच तो नकार देऊ शकला.

हीच वाट पुढे अण्णा भाऊ साठे यांनी चोखाळली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये ऐकणारा कामगार त्यांना आधी मिळाला. ‘फकिरा’ ही कादंबरी आली १९५९ साली, आणि राज्य सरकारचे पारितोषिक १९६१ साली. क्रम ध्यानात घ्या : आधी श्रोते, मग वाचक, सर्वांच्या शेवटी पारितोषिक.

आज छपाई स्वस्त आहे, आणि मोबाइलवरून कोणीही आपले लिखाण क्षणात जगापुढे ठेवू शकतो. परंतु अडचण छापण्याची कमी आणि पोचविण्याचीच अधिक होती, हे वरच्या इतिहासावरून दिसते. ती अजून तशीच आहे. तेव्हा लिहिणाऱ्यांना माझे सांगणे असे, की पाचशे प्रती छापण्याआधी पन्नास माणसांना वाचून दाखवा. ऐकणारा कुठे कंटाळतो, कुठे मान हलवितो, हे कोणतीही कमिटी सांगणार नाही.

पण सारा भार लेखकावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बोनसची वाटाघाटी एकटा कामगार करू शकत नाही. पुस्तकही एकट्या लेखकाने पोचत नाही. युनियनने वर्षाच्या खर्चात झेंडे आणि मांडव यांबरोबर आपल्या सभासदाच्या पुस्तकाच्या पंचवीस प्रतींची तरतूद करावी. गावच्या वाचनालयाने महिन्यातून एक संध्याकाळ अशा लेखकाला द्यावी. आणि तुम्ही श्रोत्यांनी, पुस्तक आवडले तर ते कपाटात न ठेवता पुढच्या माणसाच्या हाती द्यावे. आपल्याही गावात आज एखादी ताराबाई लिहीत असेल. तिला त्र्याण्णव वर्षे वाट पाहावी लागेल की नाही, हे आपल्यावर अवलंबून आहे.