जोगलटेंभीची नाणी



माझी नोकरी संगणकाची असली तरी छंद जुन्या नाण्यांचा, हे आपल्या बॅचच्या ग्रुपवर बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे अधूनमधून फोटोसकट प्रश्न येतो, "अगं, ह्याचे किती येतील?" मी उलट विचारते, "सापडलं कुठे? आणखी काय काय होतं सोबत?" हा प्रश्न किमतीआधी का विचारायचा, ते सांगण्यासाठी हा लेख.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान या क्षत्रपाचा पराभव केला, हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केले होते. त्यामागचा पुरावा मात्र पुस्तकात नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरात वंशाचा निःपात केला, असे त्यात म्हटले आहे. नहपान याच वंशातला. पण लेखात त्याचे नाव नाही. मग हरला तो स्वतः की त्याचा कोणी वारस?

उत्तर मिळाले १९०६ साली. नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी होती सुमारे सव्वातेरा हजार. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळी नाणी मुळात नहपानाची होती. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता: तीन कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह. जुनी चांदी वितळवलीच नाही. तिच्यावरच नवे राज्य उमटवले. आमच्या भाषेत सांगायचे तर डेटा ओव्हरराइट केला, पण जुना पूर्ण पुसला गेला नाही. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.

नहपानानंतरच्या दुसऱ्या कुठल्याही क्षत्रपाचे नाणे त्या साठ्यात नव्हते. म्हणूनच गौतमीपुत्राने नहपानाचेच राज्य घेतले, या मताला भक्कम आधार मिळाला.

आता कल्पना करा, ही नाणी मोजण्याआधीच सराफाच्या मुशीत गेली असती, किंवा एकेक करून वेगवेगळ्या हातांत गेली असती. एखाद्या सुट्या नाण्यावरून दोन राजांची नावे कळली असती. पण साठ्यात काय होते आणि काय नव्हते, हे कधीच कळले नसते. नाणे चांदीचे असते, इतिहास असतो तो त्याच्या ठिकाणात आणि सोबतीत.

आपल्या अनेकांच्या घरी देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात एखादी तांब्याची शिवराई असते. दसरा-दिवाळीला ती चिंच लावून लख्ख घासली जाते आणि 'श्री राजा शिव' ही अक्षरे दरवर्षी थोडी थोडी झिजतात. कृपा करून ती घासू नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. ती घरात कुठून आली, कोणाकडून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. नाणे पुढच्या पिढीला मिळेलच. ही माहिती मात्र त्यांच्याबरोबर निघून जाते.

आणि शेतात किंवा घराचा पाया खणताना साठाच सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायदा आहे म्हणून तर कळवाच; पण नहपानाचा निकाल जसा जोगलटेंभीने लावला, तसा आणखी कोणाचा तरी निकाल तुमच्या बांधाखाली असू शकतो, म्हणूनही कळवा.

तोवर फोटो पाठवत राहा. फक्त सोबत गावाचे नाव लिहा!