धुराड्यापासून दिवाणखान्यापर्यंत

शीत प्रदेशांत, विशेषतः अमेरिकेत, तळघरातील भट्टीवर तापलेली हवा पंख्याच्या जोरावर पत्र्याच्या नळांतून खोलीखोलीत खेळवली जाते; आणि खोल्यांतून परतणारी गार हवा ज्या वाटेने भट्टीकडे येते त्या वाटेवर, पंख्याच्या अलीकडे, हवा शुद्ध करणारी विजेची पेटी बसवण्याचा प्रघात आहे, जेणेकरून पंख्यापर्यंत पोचण्यापूर्वीच धुळीचा बंदोबस्त व्हावा. गृहस्थास ही केवळ सुखसोय वाटते. परंतु तिची वंशावळ घरात नव्हे, कारखान्याच्या दफ्तरात शोधावी लागते.

विद्युद्भारित तारेमुळे बरणीतील धूर निवळतो, हे लाइपझिग येथे होलफेल्ड यांनी १८२४ मध्येच दाखवले होते. पुढे सहा दशकांनी ऑलिव्हर लॉज यांच्या तजविजीनुसार वेल्समधील बॅगिल्ट येथील शिशाच्या कारखान्यात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. परंतु हाताशी असलेल्या विद्युत्‌यंत्राची शक्ती तोकडी पडली आणि शिशाचे सूक्ष्म कण जुमानीनात, म्हणून तो फसला.

यश लाभले ते कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांना. सेल्बी येथील धातुशुद्धीच्या कारखान्यातून निघणाऱ्या धुराविरुद्ध शेजारच्या शेतकऱ्यांनी न्यायालयाकडे दाद मागितली होती. तेथे सोने-चांदी विलग करताना उठणारे आम्लाचे धुके १९०७ च्या सुमारास कॉट्रेल यांनी अडवून दाखवले. कापूस गुंडाळलेल्या तारेच्या तंतूंच्या टोकांशी चमकणारी जांभळी प्रभा त्यांच्या दृष्टीस पडली आणि वीज हवेत सोडण्याची युक्ती त्यांना तेथेच सापडली. स्वतःच्या एकस्वांचे उत्पन्न विज्ञानसंशोधनाकडे जावे, म्हणून १९१२ मध्ये त्यांनी रिसर्च कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन करविली.

तथापि धुराड्यात चालणारे यंत्र शयनगृहात चालत नाही. त्यातून उत्पन्न होणारा ओझोन वायू मनुष्याच्या श्वासास अपायकारक. १९३० नंतरच्या दशकात वेस्टिंगहाऊस कंपनीतील गेलॉर्ड पेनी यांनी या कामाचे दोन टप्पे केले: प्रथम अतिसूक्ष्म तारांनी कणांस धनभार द्यावा, मग जवळजवळ मांडलेल्या पत्र्यांनी ते ओढून घ्यावेत. धनभारित तारेपाशी ओझोन पुष्कळ कमी निपजतो, म्हणूनच माणसे राहतात त्या वास्तूंत या यंत्राचा प्रवेश सुकर झाला.

घरगुती पेटीत आजही हीच रचना आढळते: अग्रभागी जाळी, मग तारा, मग अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, आणि पंखा थांबताच वीजही थांबावी अशी जोडणी. परंतु वीज धुळीचा नाश करीत नाही, ती धूळ एका ठिकाणी जमा करते. कारखान्यात अडवलेले शिसे जमेच्या बाजूस मांडता येई. घरातली धूळ कोणत्याही खात्यात घेता येत नाही, म्हणून काही महिन्यांनी पत्रे बाहेर काढून, कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावे लागतात. शतकभराच्या विद्येने हवेतली धूळ पकडली खरी, परंतु ती घराबाहेर टाकण्याचे काम अखेर ज्याचे त्यालाच करावे लागते.