शंभर, पन्नास, वीस, दहा आणि एक

आजचा विषय आहे कामाच्या जागेची हवा. मी बंगळुरूच्या येलहंका भागात राहतो. इथे १९८४ पासून रेल्वेचा चाकांचा कारखाना चालू आहे. विजेच्या भट्टीत भंगार पोलाद वितळवून तिथे चाके ओततात. आणि याच भागात हौसेने किंवा पोटासाठी घरच्या गॅरेजात रंधा, ग्राइंडर, वेल्डिंग मांडणारेही आहेत. माझे सुतारकाम तसेच चालते. कारखान्यात हवा कशी खेळवायची ते कायदा सांगतो, गॅरेजकडे मात्र तो बघत नाही. असे का, ते आज पाहू.

हा विचार सुरुवातीला झाला तो खाणींसाठी. जर्मन विद्वान अॅग्रिकोला यांच्या १५५६ साली छापलेल्या ग्रंथात खाणीत हवा सोडणारे भाते आणि पंखे चित्रांसह दिले आहेत. १७०० मध्ये इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असा त्याचा वैद्यांना सल्ला होता.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांबरोबर आला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी काढली. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून खात्यातली हवा दमट आणि कोंडलेली ठेवत. म्हणजे हवा धाग्याच्या सोयीची, कामगाराच्या नव्हे! कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही त्याची खूण. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली होती. सुट्टी मिळायला १८९० उजाडले.

आता कायद्यातला एक आकडा बघा. किती कामगार असले म्हणजे कारखाना? १८८१ च्या कायद्यात १००, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, आणि १९४८ मध्ये, वीज वापरत असाल तर, १०. प्रत्येक वेळी आणखी लहान जागा कायद्याच्या छत्राखाली आल्या. २०२० च्या संहितेत मात्र हा आकडा पुन्हा २० झाला. आपल्या गॅरेजात माणूस एकच. तिथे निरीक्षक कधीच येणार नाही, पण लाकडाची धूळ माणसे मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्ये ही धूळ कर्करोगकारक ठरवली.

तेव्हा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कायद्याची कलमे १३ आणि १४ आपणच घरी लावू. कलम १३ ताजी हवा खेळती ठेवायला सांगत असे. समजा गॅरेज १० फूट रुंद, २० लांब, ९ उंच आहे. म्हणजे १,८०० घनफूट हवा. ती तासाला दहा वेळा बदलायची तर मिनिटाला ३०० घनफूट बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा हवा. तो मागच्या भिंतीत वर बसवा आणि समोरचे शटर खालून फूटभर उघडे ठेवा. हवा आत येण्याची वाटच बंद असेल तर पंखा नुसता गरगरतो. छताचा पंखा तर हवा बदलत नाही, धूळच फिरवतो. येलहंक्यात पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, हिवाळी पूर्वेचा. त्यामुळे जमल्यास पंख्याचे तोंड उत्तरेला ठेवा.

कलम १४ म्हणत असे, धूळ जिथे उठते तिथेच ओढून घ्या. म्हणून करवतीला व्हॅक्यूमची नळी जोडा. बारीक धुळीसाठी मास्क हवाच. इंजिनाचा धूर थेट बाहेर सोडा, हेही त्याच कलमात होते. तेव्हा शटर बंद करून स्कूटर चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत चुलीवर धुराडे होते, माळवदाला सवणे होते. वर वाट असल्याशिवाय धूर जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. गॅरेज बांधताना ती वाट आपण विसरलो. भिंतीत भोक पाडायला एक दुपार पुरते, येत्या रविवारी पाडाच.