बोटीत बसण्यापूर्वीचा इतिहास

४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने ते काढले होते. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांचे जेवण, कपडे आणि शिक्षणाचा खर्च सभेने आपल्या अंगावर घेतला. सोलापूर नगरपालिकेने चाळीस रुपयांचे अनुदान दिले. पुढे तेथील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे एक नियतकालिकही चालविले. चळवळीच्या इतिहासात या घटनेला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. महाडचे पाणी, नाशिकचे मंदिर, येवल्याची घोषणा यांच्यापुढे वसतिगृहातल्या भाकरीचा हिशेब कोण ठेवणार?

मला मात्र हे वसतिगृह एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर वाटत आले आहे. परदेशी शिकायला निघालेल्या दलित माणसाची तयारी कुठे होते आणि ती कोण करतो, हा तो प्रश्न. सोलापूरच्या वसतिगृहामागे जो माणूस उभा होता, तो लंडनहून परत येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, २० जुलै १९२४ रोजी सभेची स्थापना झाली आणि पुढच्या सहा महिन्यांत सोलापुरात मुलांच्या डोक्यावर छप्पर आले. विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टराला प्रथम सुचावे ते वसतिगृहच, यामागची कारणमीमांसा आपण केली पाहिजे. त्यासाठी सोलापूर थोडा वेळ बाजूला ठेवून मुंबईतील परळच्या चाळीत जावे लागेल.

परदेशगमनाचा आपला रूढ इतिहास हा सवर्णांच्या परदेशगमनाचा इतिहास आहे. त्यातला मुख्य पेच धर्माचा होता. समुद्र ओलांडला की जात बाटते, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, पंक्तीला बसू देत नाहीत, हे त्यातले संकट. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना आधी श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन आपण का जातो आहोत हे सांगावे लागले, धर्म सोडणार नाही अशी हमी द्यावी लागली. त्यांचे धैर्य मोठेच होते, त्याविषयी दुमत नाही. पण ज्याला गावाने आधीच पंक्तीबाहेर बसविले आहे, त्याला समुद्र काय बाटविणार? अस्पृश्याच्या वाटेत शास्त्र आडवे येत नव्हते, दारिद्र्य आडवे येत होते. त्याची तयारी ट्रंकेत कपडे भरण्यापासून सुरू होत नाही. ती कित्येक वर्षे आधी, घरातल्या माणसांच्या पोटाला चिमटा घेऊन सुरू झालेली असते.

बाबासाहेबांची तयारी अशीच झाली. परळच्या एका खोलीत सुभेदार रामजींनी मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तक हवे झाले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. पुढे केळुस्कर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. झाले. म्हणजे अमेरिकेची बोट दृष्टिपथातही नव्हती तेव्हा तिच्या भाड्यात एका बापाची झोप आणि एका बहिणीचा दागिना जमा झाला होता. त्या बहिणीचा उल्लेख आपण किती वेळा करतो?

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. चार महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, बाबासाहेबांनी बडोदे सरकारच्या करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. घरचा कर्ता पुरुष नुकताच गेलेला, यशवंत सहा महिन्यांचाही नव्हता. अशा वेळी निघायचे की राहायचे, हा प्रश्न घराला पडला नसेल असे कोण म्हणेल? जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले. त्या साडेअकरा पौंडांतूनही घरी पैसे पाठवावे लागत होते.

पण तयारी घरापुरतीच असून भागत नाही. परतणाऱ्या माणसाला सामावून घेण्याची समाजाचीही काही तयारी असावी लागते, आणि नेमके तेथेच आपल्या देशाने दगा दिला. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईला उतरले. वेगळ्या जहाजाने येणारे त्यांचे सामान व पुस्तके पाणतीराच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली होती. कराराप्रमाणे ते बडोद्याला हजर झाले. कोलंबियाचा एम.ए., डॉक्टरेटचा प्रबंध लिहून आलेला हा तरुण, परंतु त्या शहरात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार एका छपराअभावी मोडला. महाराजांनी शिक्षण दिले, पण त्यांच्या राजधानीतील समाजाने उंबरा दिला नाही. सोलापूरच्या वसतिगृहाचे बीज मला येथे दिसते. छप्पर नसेल तर पदवी रस्त्यावर येते, हे बाबासाहेब पुस्तकातून शिकले नव्हते.

दुसऱ्या वेळची तयारी त्यांनी स्वतः केली. सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगार असताना ते चाळीतच राहिले आणि पैसा साठविला. मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले; शाहू महाराजांनीही हात दिला. ५ जुलै १९२० रोजी ते लंडनला निघाले. पण या वेळी मागे केवळ घर नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला होता, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती, चळवळीला नुकतीच वाचा फुटत होती. आपण गेलो तर हे रोपटे जगेल काय, ही चिंता घेऊन ते बोटीत बसले असणार. ‘मूकनायक’ त्यांच्या गैरहजेरीत डळमळला आणि १९२३ साली बंद पडला. शिक्षणासाठी चळवळीनेही किंमत मोजली, हे आपण मान्य केले पाहिजे. आजचे काही कार्यकर्ते परदेशी जाणाऱ्या मुलांना पळपुटे म्हणतात, त्यांनी हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. आणि जाणाऱ्यांनीही पाहावा.

सर्वांत मोठी किंमत रमाबाईंनी मोजली. या दोन्ही प्रवासांत त्या मुंबईत राहिल्या. पतीने ठेवून दिलेल्या आणि अधूनमधून येणाऱ्या पैशात त्यांनी संसार रेटला. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली, यशवंत तेवढा जगला. त्यांची एक साधी इच्छा होती, पंढरपूरला जाण्याची. पंढरपूर आपल्या याच सोलापूर जिल्ह्यातले. परंतु जेथे भक्ताला दुरूनच परतावे लागते त्या पंढरपूरचा काय उपयोग, आपण दुसरे पंढरपूर उभारू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. विठ्ठलाचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. पती न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आला आणि पत्नीला पंढरपूरच्या देवळाची पायरी चढता आली नाही! ही विसंगती एका कुटुंबाची नाही, भारतीय समाजव्यवस्थेची आहे. आपण रमाईच्या त्यागाची गाणी गातो, पण तिच्यासारख्या घरोघरच्या बायांना पुन्हा तोच त्याग करावा लागू नये यासाठी काय करतो?

आता सोलापूरला परत येऊ. १९२५ साली माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या एखाद्या महार-मांगाच्या पोराला हायस्कूल गाठायचे तर शहरात यावे लागे, आणि शहरात त्याला भाड्याने खोली देणार कोण? त्या मुलांपुढे बडोदेच उभे होते, फक्त वय लहान होते. वसतिगृहाने तो प्रश्न सोडविला. जेवणाची, कपड्याची चिंता मिटताच ही मुले नियतकालिक काढू लागली. त्याचे नाव सरस्वतीचे, हे आज आपल्याला खटकेल. परंतु ज्या विद्येपासून आपल्या पूर्वजांना हाकलले तिच्यावर त्या पोरांनी आपला हक्क सांगितला होता, एवढे त्यातून निश्चित कळते.

हीच दृष्टी पुढे धोरणात उतरली. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातून उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी परदेशी गेले. १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्राने २००३ साली राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपली योजना आणली. ही दाने नव्हेत. रामजींच्या जागरणाचा आणि गहाण पडलेल्या दागिन्याचा तो सामाजिक परतावा आहे.

म्हणूनच २०२२ साली जे घडले ते गंभीर मानले पाहिजे. केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. हा नियम त्या काळी असता तर त्या निबंधाला शिष्यवृत्ती नव्हती! बडोद्याच्या करारातही विषय नेमलेले होते, तरी संस्थानिकाच्या पैशावर शिकणाऱ्या तरुणाला जातीची चिकित्सा करता आली. प्रजासत्ताकाने त्याहून अधिक द्यावे, कमी नव्हे. जा, पण स्वतःच्या दुःखाचा अभ्यास करू नका, असे सांगणे म्हणजे निम्मेच दार उघडणे होय.

आज सोलापुरातल्या एखाद्या झोपडपट्टीतून मुलगा किंवा मुलगी परदेशी निघते तेव्हा दाखल्यांसाठी बापाचे रोजगार बुडतात, आईची पुंजी मोडते, धाकट्या भावाचे शिक्षण लांबते. सत्काराच्या हारात ही माणसे दिसत नाहीत. जाणाऱ्यांनी ती नावे लिहून ठेवावीत. शिक्षकांनी जुन्या वसतिगृहांचे हजेरीपट, खर्चाच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. ‘सरस्वती विलास’चा एखादा अंक कोणाच्या आजोबांच्या पेटीत असेल तर तो पुढे आणावा. आणि जे परत येतील त्यांनी आपल्या तालुक्यात मागून येणाऱ्या एका तरी पोराच्या डोक्यावर छप्पर येईल असे पाहावे. १९२३ साली परतलेल्या माणसाने हेच केले होते, आणि सुरुवात सोलापुरातून केली होती.